मुक्या आमदाराची अकरा भाषणे

धाराशिव
मंगळवार, १० जून २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

श्रीमती कस्तुरबाई यांस,
शिवराज बंडगर याचा नमस्कार.

हे पत्र लिहायला घेतले तेव्हा मी दुकानात एका पतसंस्थेचा नवा शिक्का कागदावर उठवून पाहत होतो. मी रबरी शिक्के तयार करतो. गौरीशंकर मालकांच्या दुकानात सहा वर्षे झाली. शिक्क्यात अक्षरे उलटी असतात, त्यामुळे चूक चटकन दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक शिक्का तीन वेळा तपासतो. हे पत्रही तपासले आहे.

तुम्ही मला पाहिलेले नाही. तुमचे थोरले भाऊ धनाजी बंडगर यांचा मी नातू. ते २००९ साली वारले. माझी बहीण करिश्मा हिच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला रजिस्टरने पाठवली होती. तुम्ही आला नाहीत, पण सहीची पावती आली. बसवकल्याणचा हा पत्ता त्या पावतीवरून घेतला.

काम असे आहे. आपल्या हिवरदऱ्यात शाळेशेजारी वाचनालय बांधून झाले आहे. त्याला नाव कोणाचे द्यायचे हे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरेल. नावे दोन आहेत. एक आण्णासाहेबांच्या वडिलांचे, कारण जागा त्यांच्या घराने दिली. दुसरे तुमच्या वडिलांचे, म्हणजे माझे पणजोबा बिरदेव बंडगर यांचे. ते पुर्वी, १९५२ साली, हैदराबाद राज्याच्या विधानसभेत निवडून गेले होते. हिवरदऱ्याचा आजवरचा तो एकच आमदार. नाव मी सुचवले आहे.

अडचण तुम्हाला माहीत असेल. आण्णासाहेब आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी १९९८ साली गावाची स्मरणिका काढली. तिच्या चौदाव्या पानावर आहे: "पाच वर्षांत सभागृहात एकही शब्द न बोलल्यामुळे ते मुका आमदार म्हणून परिचित होते." हे वाक्य मी फार वेळा वाचले आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक नाही.

मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, "छापलेली एक ओळ दाखव शिवराज. एकच. मी सोता पयला हात वर करतो. न्हाय सापडली तर मग गावाला बोल लावू नको. तसा तू कुठं बोलतूस म्हणा."

पणजोबांची लोखंडी पेटी तुम्ही नेली असे घरात ऐकले आहे. तिच्यात एखादा कागद असेल तर त्याची झेरॉक्स हवी आहे. पेटी नको.

तुमचा आशिर्वाद असावा.

आपला,
शिवराज


धाराशिव
शुक्रवार, २७ जून २०२५, दुपारी १ वाजता, जेवणाच्या सुट्टीत

श्रीमती कस्तुराबाई यांस,

माझे पत्र परत आले. पाकीट नवे, वर तुमचे अक्षर, आत माझाच कागद. तीन ठिकाणी लाल शाई. तुम्ही बसवकल्याणच्या मराठी शाळेत शिकवत होता हे मला नंतर आजीकडून कळले. आधी कळले असते तर चौथ्यांदा तपासले असते.

"पूर्वी" मधला पू दीर्घ. मान्य. "आशीर्वाद" मधला शी दीर्घ. हा शब्द आमच्या दुकानात लग्नपत्रिकांवर रोज छापला जातो आणि मी तो रोज बरोबर लावतो. पत्रात चुकला, त्याला कारण नाही. तिसरी चूक तुमच्या नावाचीच. रा चा काना मी खाल्ला. त्याबद्दल क्षमा मागतो.

त्या कान्याशेजारी समासात तुम्ही बारीक लिहिले आहे: "एक रेघ गेली. बाबांचेही नाव असेच जाई." बाकी पत्रभर तुमचा एकही शब्द नाही. हे वाक्य मी दहा दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. नाव कुठे जाई? कोणाकडून जाई? कृपया कळवावे. चुकांचा मला राग नाही. आला होता, गेला.

तुम्ही तीन दाखवल्या तर लपवलेली चौथी मीच सांगतो. नाव मी "सुचवले आहे" असे लिहिले, ते पुरते खरे नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. कागदावर सहा ओळी लिहून नेल्या होत्या. सरपंच तारामतीबाई म्हणाल्या, "बोल की, बाळा." सगळे बघायला लागले. पहिला शब्द "ग्रामस्थ" होता. तो निघाला नाही. मागून कोणी तरी म्हणाले, "मुक्याचं बी मुकंच निघालं," आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत, नेहमीचे हसले. मी कागद तारामतीबाईंच्या टेबलावर ठेवून बाहेर पडलो. त्या कागदामुळे विषय १५ ऑगस्टवर गेला. सुचवले ते कागदाने.

अकरावी मी याच कारणाने सोडली. तोंडी परीक्षा होती.

गावात आमच्या घराला आजही "मुक्याचं घर" म्हणतात. टपाल त्यावर येते. माझे वडील हाकेला ओ देतात. मी देत नाही.

शिवराज


धाराशिव
शुक्रवार, ११ जुलै २०२५, सायंकाळी ६ वाजता, दुकान आवरून

आत्याआजी,

पाकिटाच्या मागे तुम्ही "श्रीमती काय लिहितोस, मी तुझी आत्याआजी लागते" असे लिहिले, म्हणून असे लिहितो. मनिऑर्डरही मिळाली, तीन हजार. "हैदराबादला जाऊन ये, हिशोब लिहून पाठव, तोंडी सांगू नकोस" हा निरोप पोस्टमनने मोठ्याने वाचून दाखवला. सगळे दुकान हसले. मी तोंडी सांगेन ही भीतीच नाही, असे मालक म्हणाले.

तुम्ही पाठवलेला पणजोबांच्या उर्दू सहीचा कागद घेऊन मी खाजाभाईंकडे गेलो. जुन्या नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा उर्दू वाचणारी माणसे धाराशिवात हुडकून काढावी लागली, त्यातले हे एक. वय सत्तरच्या पुढे. पूर्वी घड्याळे दुरुस्त करत, त्यामुळे कागदसुद्धा एका डोळ्याला भिंग लावून बघतात.

ते म्हणाले, "किसका नाम है, मत बताओ. मैं पढता."

मी सांगितले नाही. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पंडकर."

मी म्हणालो, बंडगर.

"बंडगर बी हो सकता." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलीने समजावले, मराठीतच. "ह्यो बघा ब. खाली एक टिंब. प असला तर तीन. आता ह्यांची शाई फुटलेली, एकाची तीन दिसायलीत. आन् ह्यो ग. ह्याला वर दोन रेघा लागतात. एकच रेघ दिली तर क." मग हसले. "बडे मियाँ जल्दी में रहे हुंगे. एक लकीर खा गये."

मी खिशातून तुमचे समासातले वाक्य काढून परत वाचले.

तुम्ही समासात लिहिले ते आता कळले. या वेळच्या पत्रात चिठ्ठीबद्दल लिहिले तेही. सभागृहात बोलायचे असेल त्याने सही करून चिठ्ठी द्यायची आणि पणजोबा ती उर्दूत देत, कारण शाळा उर्दूतच झाली होती. ती चिठ्ठी पाहून कोणी तरी नाव उतरवून घेतले असेल. तुम्ही लिहिले तसे १९५७ च्या निवडणुकीआधी जी यादी चावडीत वाचली गेली, जिच्यात बोललेल्या आमदारांची नावे होती आणि आपले नव्हते, ती करताना आपले नाव ब मध्येच शोधले असेल. प मध्ये कोणी का पाहील? आमदारांत पंडकर नावाचा माणूसच नव्हता.

हे सगळे अजून अंदाजाने लिहितो आहे. २२ तारखेला हैदराबादला निघतो.

तुम्ही दुसरे एक विचारले आहे. "तुझ्या आजोबाने काय केले ते तुला माहीत आहे का? असेल तर तेही लिही. नसेल तर धुरपताला विचार." मला माहीत नव्हते. रविवारी गावी जाऊन आजीला विचारले. ती शेंगा फोडत होती. थांबली नाही.

"कस्तुरानं इचारलं व्हय?" म्हणाली. "मग सांगते. तिच्याबिगर कुनाला सांगायचं न्हवतं."

ती बोलली तसे लिहितो. "अठ्ठ्याहत्तर साल. तुझा आज्या पंचायतीला उभा व्हता. चावडीत सभा. कुनीतरी वरडलं, मुक्याच्या पोराला मत देऊन काय गावानं खुणा करायच्या का? आन् ह्यो हसला. म्हनला, बाप मुका व्हता, पन म्या बोलतो, म्हनून तर मला निवडून द्या. लोकं लई हसली. सासरं तितंच बसल्यालं, खांबाला टेकून. कस्तुरा माहेरपणाला आल्याली, बायकांत बसल्याली. ह्यो निवडून आला. लई मतानं आला. पन त्या दिसापास्नं सासऱ्यानं ह्या घरात पाणी मागितलं न्हाय. उठायचं, हातानं घ्यायचं. म्या तांब्या भरून उशाला ठिवायची, त्येला शिवायचं न्हाईत. चार म्हैन्यात गेलं. कस्तुरा बाराव्याला पेटी घिऊन गेली ती गेली."

मी विचारले, आजोबांना नंतर वाईट वाटले का?

"वाटलं आसंल. म्या इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय. बोलून निवडून आलेला माणूस, घरात कुठं बोलत व्हता?"

आत्याआजी, हे आमच्याच घरातून निघाले होते हे मला ठाऊक नव्हते. मी आजवर आण्णासाहेबांवर रागावत होतो. आता तो राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. पण १५ ऑगस्टपर्यंत त्याचा विचार करणार नाही, असे ठरवले आहे.

शिवराज


हैदराबाद
गुरुवार, २४ जुलै २०२५, दुपारी १ वाजून १५ मिनिटे, ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर

आत्याआजी,

सापडले.

नीट लिहितो. काल दिवसभर अर्ज आणि ओळखपत्र यातच गेला. आज सकाळी साडेदहाला विधानसभेतल्या भाषणांच्या सूचीचा खंड हातात मिळाला. आधी ब काढला. बंडगर नाही. हे माहीत असूनही ते पान पुन्हा वरपासून पाहिले. मग प काढला. बोट खाली आणत गेलो. "पंडकर, श्री. बी. डी." बी. डी. म्हणजे बिरदेव धोंडिबा. त्यापुढे पानांचे आकडे होते. मी मोजले. अकरा.

मी उठून उभा राहिलो. समोर टेबलावर बसलेल्या बाई म्हणाल्या, "क्या हुआ?" काय झाले ते सांगता आले नाही. बोटे दाखवली, अकरा. आधी दहा आणि मग एक.

सगळी भाषणे मराठीत आहेत आणि आपल्या लिपीत छापलेली आहेत. चिठ्ठी उर्दूत, भाषण मराठीत. पहिले भाषण चार ओळींचे आहे. मेंढरांच्या चराईवरचा कर कमी करावा अशी मागणी. त्यात "मी स्वतः मेंढपाळ आहे, घरी एकशे चाळीस मेंढरे आहेत" असे वाक्य आहे. तीन वेळा हिवरदऱ्याच्या तळ्याबद्दल विचारले आहे. पहिल्यांदा काम कधी सुरू होणार, दुसऱ्यांदा का सुरू झाले नाही, तिसऱ्यांदा फक्त "तळ्याचे काय झाले?" एवढेच. ते तळे आता आहे. मी त्यात पोहायला शिकलो. ते कोणी मागितले हे गावात कोणालाच माहीत नाही.

एकदा एसटीचा थांबा. एकदा मुलींच्या शाळेसाठी शिक्षिका. ही मागणी १९५४ ची. तुम्ही तेव्हा अकरा वर्षांच्या असाल. कोणासाठी मागितली ते मला कळले, तुम्हाला तेव्हा कळले होते का?

शेवटचे भाषण १९५६ चे. ते पूर्ण उतरवून घेतले, झेरॉक्सही घेतली. एक तुकडा इथे लिहितो:

"अध्यक्षमहाराज, मला उर्दू येते, कारण मला चार इयत्ता शिकायला मिळाल्या. माझ्या गावात ती येणारे आम्ही तिघे. हिवरदऱ्याचा शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद घेऊन माझ्या दारात येतो. मी वाचीन ते त्याला खरे मानावे लागते. उद्या मी खोटे वाचले तर तो काय करील? ही भाषा टाका असे मी म्हणत नाही. मला ती गोड वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्याचा कागद त्याला तो वाचता यावा. दुसरे काही नाही तरी माणसाला आपले नाव आपल्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे."

याच्या वर ठळक अक्षरात छापले आहे: श्री. पंडकर.

ज्याने नाव उतरवले त्याला मी दोष देत नाही. मी स्वतः एक काना खाल्ला आहे.

बाकावर शेजारी एक गृहस्थ डबा खात आहेत. त्यांनी मला एक पोळी दिली. मी खाल्ली. नको म्हणायला पाहिजे होते, पण सकाळपासून काही खाल्ले नव्हते.

शिवराज


हिवरदरा
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५, सकाळी ११ वाजता

आत्याआजी,

आत्ताच आण्णासाहेबांकडून आलो. आजीच्या ओट्यावर बसून लिहितो आहे.

त्यांनी अकराच्या अकरा भाषणे वाचली. चहा थंड झाला तरी वाचत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "पंडकर म्हंजे बंडगर, हे कशावरनं?"

हा प्रश्न येणार हे धरून मी कागद क्रमाने लावून नेले होते. बोललो नाही, एकेक पुढे ठेवला. निवडून आलेल्यांची यादी: तीत पंडकर नाही. पणजोबांची सही. खाजाभाईंनी काढून दिलेला ब आणि प, ग आणि क. मग हिवरदऱ्याचे नाव असलेली पाच पाने, आणि शेवटी एकशे चाळीस मेंढरे.

ते मेंढरांवर थांबले. "एकशे चाळीसच व्हती," म्हणाले. "आमच्या रानात बसवायचे. लहानपणी मी मोजायचो."

मग त्यांनी जे सांगितले ते तुम्हाला कळवणे माझे काम आहे असे वाटते. १९५७ साली ती यादी त्यांच्याच वडिलांनी आणली होती. चावडीत मोठ्याने वाचली होती. "मी नऊ वर्षांचा व्हतो. सगळे हसले म्हणून मीबी हसलो. बिरदेवतात्या समोरच बसले व्हते. एक शब्द बोलले न्हाईत. तेव्हा वाटलं, बोलायला काही नसंल. म्हणून तर स्मरणिकेत तसं लिव्हलं." मग विचारले, "कस्तुरा कशी हाय?"

मी म्हणालो, चुका काढतात.

"तेव्हाबी काढायची," म्हणाले.

पणजोबा तेव्हा का बोलले नाहीत, हे तुमच्या मागच्या पत्रात आहे. "बोललो ते तळ्यासाठी. आता स्वतःसाठी बोलत बसू का?" हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली, पण पटले की नाही ते कळले नाही. मलाही पूर्ण पटलेले नाही. पणजोबा एकदा बोलले असते तर आजोबा तसे हसले नसते, असे मला वाटते. तुम्हाला हे आवडणार नाही. तरी लिहिले.

उठताना मी भाषणाचा कागद त्यांच्यापुढे धरला. सभेत तुम्ही वाचा, तुमचा आवाज चांगला आहे, असे मला सांगायचे होते. सांगायच्या आधीच ते म्हणाले, "न्हाय. मी वाचणार न्हाय. माझ्या घरानं एकदा वाचलं तेवढं बास. तू वाच."

तीन दिवस आहेत. तुम्ही लिहिलेत, की पणजोबा माळावर मेंढरांपुढे भाषण म्हणून बघायचे आणि एखादे मेंढरू उठून गेले तर ते वाक्य बदलायचे. आपल्याकडे आता मेंढरे नाहीत. आजीच्या चार शेळ्या आहेत. काल त्यांच्यापुढे वाचले. एकही उठून गेली नाही, पण त्या बांधलेल्या असतात.

"ग्रामस्थ" हा शब्द काढून टाकला आहे. "अध्यक्षमहाराज" पासूनच सुरू करतो.

तुम्ही याल का, असे विचारणार नाही. शुक्रवारी सकाळी दहाला सभा आहे, एवढे कळवतो.

शिवराज


धाराशिव
रविवार, १७ ऑगस्ट २०२५, सकाळी १० वाजता

आत्याआजी,

शुक्रवारी ध्वजवंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा बसली. साधारण दोनशे माणसे. आठवा विषय वाचनालयाचा. आजी बायकांत पुढे बसली होती. ती ग्रामसभेला पहिल्यांदाच आली.

तारामतीबाईंनी माझे नाव घेतले. मी उभा राहिलो. "अध्यक्षमहाराज" हा शब्द निघाला. त्यानंतरचे तीन शब्द निघाले. पुढचा निघाला नाही. जानेवारीसारखाच. मागे कोणी तरी खोकले आणि मला ठाऊक होते की आता ते वाक्य येणार.

ते आले नाही, कारण आजी मोठ्याने बोलली. "घाई काय हाय? सत्तर वरसं थांबलाव की. पाणी पी, मग वाच." आणि तिने पिशवीतून तांब्या काढून माणसांतून पुढे पाठवला. घरून भरून आणला होता. मी पाणी प्यालो. मग वाचले.

तळ्याचे प्रश्न आणि शेवटचे भाषण, सगळे वाचले, अडखळत. "आपले नाव आपल्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे" इथे वाचून थांबलो. मागून एक म्हातारा माणूस म्हणाला, "तळ्याचं पुन्यांदा वाच." ते पुन्हा वाचले. "तळ्याचे काय झाले?" यावर लोक हसले, पण ते हसणे वेगळे होते. कोणी तरी उत्तर दिले, "झालं की तात्या, भरलंयबी."

मग मतदान. आण्णासाहेबांनी पहिला हात वर केला. उभे राहून केला. दुसरे नाव त्यांच्याच वडिलांचे होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यानंतर हात मोजावे लागले नाहीत.

इथे पत्र संपले असते, पण खरी गोष्ट पुढे झाली. ग्रामसेवक वीरभद्र यांनी ठराव लिहिला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. "सदर वाचनालयास माजी आमदार कै. बिरदेव बंडकर यांचे नाव देण्यात यावे."

बंडकर.

सगळे उठू लागले होते. कोणी चपला शोधत होते. कोणाच्या ध्यानात आले नव्हते. माझ्या हातात कागद नव्हता, मी आधी काही लिहून ठेवले नव्हते. आणि माझा आवाज पटांगणाच्या टोकापर्यंत गेला, असे नंतर लोकांनी सांगितले. मला एवढेच आठवते की मी म्हणालो, "बंडगर. ग."

वीरभद्र म्हणाले, "तेच की."

"तेच न्हाय. तुम्ही क लिव्हलाय. ग लिहा. ग गणपतीचा."

"दुकानात बसून लई बारकावा आलाय याला," कोणी तरी म्हणाले.

मी म्हणालो, "आलाय. खोडा आणि लिहा. खोडल्या जागी सही करा. मी थांबतो."

वीरभद्रांनी खोडले. ग लिहिला. मी टेबलाशी जाऊन पाहिला. सही केली, तारखेसह. मग तारामतीबाईंनीही केली. मी ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन वेळा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने. दोनशे माणसे चपला हातात घेऊन उभी होती. कोणी गेले नाही.

काल पोस्टमनने आजीच्या दारात हाक मारली, "बंडगर." आजी म्हणाली, सवय नाही, ओ द्यायला वेळ लागला.

तुम्ही हिशोब लिहून मागितला होता. तो असा.

जमा
तुमची मनिऑर्डर: रु. ३०००

खर्च
धाराशिव ते हैदराबाद रेल्वे, जाणे-येणे: रु. २८०
मुक्काम, दोन दिवस: रु. ६००
जेवण व चहा: रु. ३८५
हैदराबादेत बस व रिक्षा: रु. २४०
झेरॉक्स, ६४ पाने: रु. १९२
टपाल: रु. १५६
एकूण: रु. १८५३

शिल्लक: रु. ११४७. ही परत पाठवत नाही. बसवकल्याणहून उमरगामार्गे हिवरदऱ्यापर्यंत एका माणसाला याहून कमी लागतात. स्टँडवर विचारून आलो आहे.

देणे
मालकांचे तीन दिवसांचे काम.
खाजाभाईंनी पैसे घेतले नाहीत. त्यांना त्यांच्या नावाचा उर्दू शिक्का करून द्यायचा आहे. टिंबे ते मोजणार.
बाकावरच्या गृहस्थांची एक पोळी. नाव विचारायचे राहिले.
आजीकडे तुमच्यासाठी एक तांब्या. भरून ठेवते, म्हणाली, घेतला तर घेतला.
वाचनालयाच्या पाटीवरील नाव. मसुदा सोबत जोडला आहे, पण हा टपालाने परत पाठवू नये. लाल पेन घेऊन यावे. तुम्ही बघेपर्यंत पाटी कोरी राहील.

तपासणी बाकी: एक.

शिवराज बंडगर